माकड बरं की प्यूफँ

११ जून
आजपासून आयुष्याला शिस्त. कस्टम्समधून निवृत्त झालेला माणूस कॅफेत डॉमिनो खेळत सडतो, हे मी रोज बघतो आहे. (मीही खेळतो, पण निरीक्षण म्हणून.) आजपासून डॉमिनो बंद, अभ्यास सुरू. विषयही आपणहून दारात आला आहे.

वस्तीच्या समितीला आमच्या घराची समुद्राकडची भिंत हवी आहे. तिच्यावर बजाया शहराची ओळख म्हणून एक मोठ्ठं चित्र रंगवायचं आहे. दोनदा येऊन गेले. भिंत माझी, तेव्हा शब्दही माझा. समितीतला अमेझियान म्हणतो, आपल्या गुराया डोंगरावरचं माकड काढू. नामशेष होत चाललंय म्हणे बिचारं. होऊ दे की! हा अमेझियान वनखात्यात आहे. काम काय, तर माकडांवर लक्ष ठेवणं. सरकार याचा पगार देतं.

याच अमेझियानचे वडील, दा वाली (दा म्हणजे दादा, वडीलधाऱ्याला म्हणायचं), गेल्या वर्षी माझ्या थिझिरीला मागणी घालायला आले होते. तेही दोनदा. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. एकुलती एक मुलगी, फार्मसिस्ट, आणि ती माकडवाल्याच्या घरात? थिझिरी म्हणते, केलं तर त्याच्याशीच, नाहीतर लग्नाचं नाव काढू नका. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त ब्लडप्रेशरच्या गोळ्यांबद्दल बोलते.

प्लॅन सरळ आहे. माकडाहून श्रेष्ठ असा प्राणी शोधायचा. भर सभेत माकडाला पाडायचं. माकड पडलं की माकडवाला पडला, आणि माकडवाला पडला की थिझिरीचे डोळे उघडले. अवघड काय आहे त्यात?

१३ जून
प्राणी सापडला. प्यूफँ! लाटेला पंख घासत उडणारा तपकिरी समुद्रपक्षी. नाव फ्रेंच, पण समुद्र आपलाच. इंटरनेटवर बघितलं, तर माकड नुसतं 'धोक्यात' आहे आणि प्यूफँ 'अति धोक्यात'. म्हणजे सरळ एक यत्ता पुढे. पहिला पॉइंट खिशात.

बायकोला सांगितलं. वर्दियाने विचारलं, तुम्ही पाहिलाय का तो कधी? म्हटलं, बाई, उभा जन्म पोर्टात गेला माझा, समुद्रावरचं काय बघायचं राहिलंय? मग कसा ओरडतो तो, म्हणाली. मी विषय बदलला, कारण गॅसवर काहीतरी करपत होतं.

(काही करपत नव्हतं. पण करपू शकलं असतं.)

१७ जून
गुराया डोंगरावर, माकडांच्या शिखरापाशी फील्डवर्क. शत्रूचा अभ्यास शत्रूच्या घरात. बरोबर रव्याची भाकरी, ऑलिव्हचं तेल, उकडलेली अंडी, अंजिरं.

निष्कर्ष. आपल्या माकडाला शेपूट नाही. म्हणजे माकड असण्याचं साधं मूलभूत कामसुद्धा त्याने धड केलेलं नाही.

शिवाय नरांचं वागणं. चांगले दांडगे नर दिवसभर पिल्लं पोटाशी धरून मिरवतात. दोन नरांचं वाकडं असलं तर एक जण पिल्लू घेऊन दुसऱ्याकडे जातो, पिल्लू मध्ये धरतात, दोघं दात वाजवतात आणि मिटलं भांडण. हे मला अमेझियानने सांगितलं. होताच तो तिथे, दुर्बीण गळ्यात घालून, जसा काही याचा बापजाद्यांचा डोंगर. मी म्हटलं, आपल्या भांडणात पोराला मध्ये घालणं जनावरांनाच शोभतं. त्याने दुर्बीण पुसायला घेतली. दुसरा पॉइंट खिशात!

आता डबा. एका माकडिणीने माझ्या पिशवीची चेन उघडली. फाडली नाही, उघडली. पोर्टात मी हजारो बॅगा उघडल्या असतील, पण इतक्या सफाईने एकही नाही. अंडी सोलून खाल्ली. सालं माझ्या पायाशी टाकली.

अमेझियानने त्याची भाकरी पुढे केली. दा बेलाईद, घ्या, ऊन फार आहे, म्हणाला. नाकारली. तत्त्व म्हणजे तत्त्व. उतरताना चक्कर आली ती उन्हाने, भुकेने नाही.

२२ जून
संकल्प होता पहाटे उठून समुद्र न्याहाळायचा. उठलो नाही. संशोधकाच्या मेंदूला झोप जास्त लागते.

उठलो तेव्हा बाल्कनीत माकड. काटेरी निवडुंगाची बोंडं घेऊन बसलं होतं, जी मी काल हाताला काटे टोचून घेत सोलली होती. झाडू घेऊन धावलो. ते कठड्यावर गेलं, मी बादलीत. थिझिरी दारात उभी राहून हसली. किती महिन्यांनी हसली कोण जाणे. मला हसली की माकडाला, ते कळलं नाही. तरी बरं वाटलं.

लगेच भानावर आलो. माकड घरात घुसून घरच्यांना आपल्या बाजूने वळवतं, असा पॉइंट लिहून ठेवला. प्यूफँ कुणाच्या बाल्कनीत येत नाही. खानदानी.

२८ जून
मच्छीमार कासीच्या होडीतून समुद्रावर. प्यूफँला प्रत्यक्ष भेटून फोटो काढायचा, म्हणजे वर्दियाचं तोंड बंद.

दीपगृहाच्या टेकडीपुढे गेल्यावर लाटा वाढल्या. मी जन्मभर पोर्टात होतो खरा, पण जमिनीच्या बाजूला. सविस्तर लिहीत नाही. कासी म्हणाला, दा, वारा येतो त्या बाजूला नको, दुसऱ्या बाजूला वाका. उशीर झाला होता. आता त्याचा शर्ट धुऊन द्यावा लागणार. म्हणजे माझ्या बायकोकडून.

दिसलेले पक्षी, सगळे साधे सीगल. माझ्याकडे बघून जरा जास्तच जमले होते. प्यूफँ एकही नाही. पण न दिसणं हाच तर दुर्मीळ असल्याचा पुरावा. माकड ऊठसूट दिसतं. जे ऊठसूट दिसतं ते कसलं नामशेष?

परत आलो तेव्हा थिझिरीने उलटीवरची गोळी दिली. उपाशीपोटी घेऊ नका, म्हणाली. गोळ्यांबद्दलच बोलली, पण दोन वाक्यं बोलली.

३ जुलै
कॅफेत गेलो होतो. (पाणी प्यायला. एकच डाव झाला.) अमेझियान आला. शेजारची खुर्ची ओढून बसला, माझ्या लेमोनेडचे पैसे द्यायला निघाला. मी हात धरला. मग तो हळूच म्हणाला, दा बेलाईद, कासीने सांगितलं तुम्ही प्यूफँ शोधायला गेला होतात. ते उन्हाळ्यात इथे नसतात. अंडी-पिल्लं आटोपली की जिब्राल्टरमधून अटलांटिकला जातात. हिवाळा तोंडावर आला की परत. तेव्हा या, मी दाखवतो, होडीत न बसता.

मी म्हटलं, ठाऊक आहे मला. नसताना कुठे कुठे नसतात, तेच बघायला गेलो होतो.

तो हो म्हणाला. हसलासुद्धा नाही. याला विनोदाचं अंग अजिबात नाही. असल्या माणसाबरोबर माझी मुलगी जन्म कसा काढणार?

९ जुलै
सभा तीन दिवसांवर. अभ्यास लिहायला बसलो. 'माकड व प्यूफँ: एक तौलनिक चिंतन.' शीर्षक उत्तम जमलं. त्याने थकवा आला.

दुपारी एक परिच्छेद. प्यूफँ वर्षाला एकच अंडं घालतो. एकच. दोघं नवरा-बायको आळीपाळीने त्यावर बसतात. पिल्लाला इतकं भरवतात की ते आईबापांपेक्षा जड होतं. मग एक दिवस आईबाप येणं बंद करतात आणि पिल्लू एकटंच समुद्रावर उडून जातं. हे लिहिल्यावर पुढे काही सुचेना. चहा घेतला. आईबाप येणं का बंद करत असतील? इंटरनेटवर नीट दिलेलं नाही. हा भाग सभेत वगळायचा.

संध्याकाळी बॅनर. पक्ष्याचं नाव रोमन अक्षरांत टाकून फोटो शोधला. काय पक्षी आहे! काळा कोट, पांढरी छाती, आणि चोच अशी रंगीत की जणू लग्नाला निघालाय. तपकिरी म्हणणारे लोक आंधळे असावेत. छापखान्यात दिला. माणसाच्या दुप्पट उंचीचा छापा, म्हटलं.

१२ जुलै, संध्याकाळ
सभा झाली. घटना आहे तशी नोंदवतो. इतिहासाला भीती कसली?

मी उभा राहिलो. बॅनर उलगडला. मागून कुणीतरी विचारलं, हा सर्कशीतला का? दुर्लक्ष केलं. म्हटलं, बंधूंनो, एकीकडे चोर, भुरटा, बिनशेपटीचा प्राणी, आणि दुसरीकडे आपल्या समुद्राचा हा राजबिंडा पुत्र. तेवढ्यात शाळेतल्या सायन्सच्या बाई उठल्या. त्यांनी सांगितलं, हा आपला प्यूफँ नव्हे. इंग्रज ज्याला तेच नाव देतात तो हा, राहतो पार उत्तरेला, बर्फाजवळ. आपला प्यूफँ वेगळा. नाव एक, पक्षी दोन.

आता यात माझी चूक काय? चूक इंग्रजांची. दुसऱ्याच्या भाषेतला शब्द उचलायचा आणि भलत्याच पक्ष्याला लावायचा! कस्टम्समध्ये असा माल मी सोडला नसता.

हशा झाला. बराच वेळ. दा वाली डोळे पुसत होते. मग तो अमेझियान उठला. म्हटलं, झालं, आता हा मीठ चोळणार. तो म्हणाला, दा बेलाईदांचं म्हणणं खरं आहे. आमची माकडं निदान दिसतात म्हणून लोक त्यांची काळजी करतात. जो पक्षी दिसतच नाही त्याच्यासाठी कुणी बोलत नाही. आज दा बोलले. टाळ्या वाजवा.

लोकांनी वाजवल्या. काय धूर्त माणूस! भर सभेत मला उपकाराखाली दाबलं.

निर्णय झाला नाही. शेवटी मशिदीचे शेख तय्यिब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, बेलाईद, काही गोष्टी सभेत ठरत नाहीत. आम्ही घरी येऊ. म्हणजे भिंतीसाठी माझ्या पायऱ्या झिजवणार! प्लॅन किंचित लांबला आहे, इतकंच.

वर्दियाला बॅनरचं कापड आवडलं. गादीला खोळ होईल म्हणाली.

१९ जुलै
घरात झाडलोट. वर्दिया पडदेसुद्धा धुते आहे. तिची बहीण आली आहे, दोघी मिळून बदामाच्या वड्या करताहेत. एक तोंडात टाकली तर हातावर चापट बसली. म्हणाली, पाहुण्यांसाठी आहेत, शुक्रवारी दा वालींकडचे येताहेत शेखना घेऊन, त्या गोष्टीसाठी. एवढं म्हणून माझ्याकडे बघत थांबली. मी म्हटलं, ठाऊक आहे, शेख मला बोललेत.

तुमचा विचार काय, तिने विचारलं.

मी म्हटलं, फार ताणण्यात अर्थ नाही. देऊन टाकीन.

तिच्या हातातलं पीठ खाली पडलं. भिंतीचं या बाईने एवढं मनावर घेतलं असेल, याची मला कल्पना नव्हती.

मनात हिशेब पक्का आहे. भिंत मोठ्या मनाने द्यायची. रंगवा म्हणायचं माकड. एकदा एवढं दिलं की हे लोक ओशाळतील, आणि तिसऱ्यांदा मुलगी मागायला त्यांचं तोंड उघडणार नाही. भिंत गेली तरी चालेल, थिझिरी राहते. कस्टम्समध्ये याला म्हणतात, लहान माल सोडून मोठा पकडणे.

२५ जुलै, शुक्रवार
विजय! सविस्तर लिहितो.

दुपारच्या नमाजानंतर आले. दा वाली, त्यांचे दोघे भाऊ, शेख तय्यिब. अमेझियान नव्हता. हरलेला माणूस येईल कशाला? त्यांच्या बायका आतल्या खोलीत गेल्या, मिठाईची ताटं घेऊन. भिंतीसाठी मिठाई म्हणजे माकडाची बाजू किती लंगडी असेल बघा. वर्दियाने अंगावर चांदीचे दागिने घातले होते. थिझिरीने नवा झगा. मी जुना कोट घातला, मागायला आलेल्यांपुढे नटायचं कशाला.

कॉफी झाली. शेख म्हणाले, बेलाईद, आम्ही कशासाठी आलोय तुला ठाऊक आहे. दा वालींनी घसा साफ केला आणि म्हणाले, पुन्हा मागायला आलोय. देतोस का?

मी क्षणभर थांबलो. अशा वेळी थांबावं लागतं. मग म्हटलं, देतो. पण माझं थोडं ऐका. मी तिला इतके दिवस अडवून ठेवलं, लोकांनी मला हेकट म्हटलं. पण ती माझ्या हातची आहे. समुद्राचं वारं, खारी हवा, कशाचीच झळ मी स्वतः उभा राहून तिला लागू दिली नाही. तिच्या आधारावर हे घर उभं आहे. तुम्हाला ती रोज दिसेल, तुम्हाला वाटेल ती आहेच, कायमचीच आहे. तसं समजू नका. वर्षातून एकदा तरी तिच्याकडे नीट बघा, कुठे ओल धरली का, कुठे तडा गेला का. आणि माझी एकच अट. तिला कुणी खिळा ठोकायचा नाही.

शेखांनी चष्मा काढला. दा वालींनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, भाऊ, तिला ओरखडासुद्धा उठू देणार नाही, जीव गहाण ठेवतो. भिंतीसाठी जीव! मी म्हटलं, तेवढं नको, सायकली टेकवून ठेवू नका म्हणजे झालं. ते रडत रडत हसले.

शेखांनी मोबदल्याचं काढलं. मी हात जोडले. म्हटलं, त्याचं नावसुद्धा काढू नका, एखादं नाणं ठेवा नावाला. असली माणसं राहिली नाहीत, असं दा वालींचे भाऊ म्हणाले. खरंच आहे.

मग सगळ्यांनी तळवे वर केले, फातिहाची प्रार्थना म्हटली. मीही मोठ्याने म्हटली. आतून बायकांचा असा आनंदाचा कल्ला उठला की समोरच्या गच्चीवरची माकडं पळाली. एवढा जल्लोष मी लग्नातच ऐकला होता.

आता थिझिरी माझीच. झोपतो.

२६ जुलै
सकाळी गच्चीवर बसलो होतो. थिझिरी आली. माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं, लहानपणी ईदला घ्यायची तसं. मग शेजारी बसली आणि रडायला लागली. मी म्हटलं, अगं, रंगाचा वास आठ दिवसांत जाईल. तिने ऐकलं नाही. म्हणाली, बाबा, मी दाराआडून सगळं ऐकत होते. मला वाटायचं, तुम्हाला मी फक्त अडवून ठेवायला हवी आहे. खिळ्याचं जे बोललात ना, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. अमेझियानला सांगितलं तर तोही रडला. लग्न ऑगस्टअखेर करू म्हणतात, पक्षी परत यायच्या आधी, म्हणजे ते आले की तुम्हाला दाखवायला तो मोकळा असेल.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आमच्याकडे फातिहा दुकान उघडताना म्हणतात, होडी पाण्यात ढकलताना म्हणतात, स्लॅब टाकल्यावर म्हणतात. मला वाटलं भिंतीलाही म्हणतात. पण दोन घरचे पुरुष शेखांसमोर बसले, एकाने मागितलं, दुसऱ्याने दिलं म्हटलं, आणि मग फातिहा झाली, की त्याला एकच नाव आहे. ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला होतं. मी ऐकत नव्हतो, बोलत होतो.

अजून सांगता आलं असतं. दा वालींच्या घरी जाऊन, कॉफी न पिता, गैरसमज झाला म्हणायचं. शब्द तोंडापर्यंत आले होते. थिझिरीने विचारलं, बाबा, मनापासून दिलंत ना?

हो म्हणालो. सगळं कळून-सवरून दिलं म्हणालो.

ती खाली गेल्यावर वर्दिया आली. तिला विचारलं, मग भिंतीचं काय? ती म्हणाली, कसली भिंत? समितीने केव्हाच शाळेची भिंत घेतली, तुमच्या भिंतीला ओल आहे म्हणे, रंग टिकणार नाही. तिथे माकड काढून झालंसुद्धा. मला वाटलं, तुम्ही बघितलं असेल.

बघितलं नव्हतं. आता बघायचंही नाही.

दुपारभर काही केलं नाही. थिझिरीची खोली उघडी होती, ती आत काहीतरी गुणगुणत कपडे लावत होती. मी बाहेर उभा राहिलो, आत गेलो नाही. वाईट वाटतं आहे, फार वाटतं आहे, आणि हे कुणाला सांगण्यासारखं नाही. शुक्रवारची नोंद पुन्हा काढून वाचली. चांगलं बोललो होतो. मुलीबद्दल चार शब्द बोल म्हणून कुणी समोर बसवलं असतं, तर मला एवढं जमलं नसतं.